रिळाची पुष्पिका

आमच्या गोतावळ्यात आता बहुतेकांना बातमी लागली आहे, की १९७५ सालच्या त्या पाच रिळांच्या डिजिटल फायली तयार झाल्या. रोज एखादा तरी फोन येतो, "काका, आम्हालाही पाठवा ना!" पाठवतो, सगळ्यांना पाठवतो. पण त्याआधी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक या फिल्मची कुळकथा. ती नुसती आमच्या घरची नाही, चांगली सव्वाशे वर्षांची आहे. दुसरी, फाईल तयार झाल्यावरही काम कुठे अडतं, ती. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सनावळ्या येणारच. सवयच ती! कंटाळा आला तर तेवढा भाग गाळून वाचा.

मुंबईत सिनेमा आला तो ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंच्या माणसानं तो दाखवला. पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला तेव्हा जेमतेम सहा-सात महिने झाले होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांचा मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय होता. हे नवल पाहून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर एक कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचंही त्यांनी चित्रण केलं. गणितात साऱ्या विद्यापीठात पहिला आलेला मराठी मुलगा बोटीनं परत येतो आणि एक मराठी माणूस ते फिल्मवर धरून ठेवतो. काय प्रसंग असेल! पण त्या पट्ट्या आज पाहायला मिळत नाहीत. त्याबद्दल छापलेलं वाचायचं, बस्स.

पुढे दादासाहेब फाळके आले. त्यांचा सिनेमा तर अक्षरशः घरगुती. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून दाखवली. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात हरिश्चंद्राच्या मुलाचं काम फाळक्यांच्याच मुलानं, भालचंद्रनं केलं होतं. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या होत्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ही चिमुरडी नुसती कॅमेऱ्यासमोर बसून चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते. कथा सुरू व्हायच्या आधी बापानं आपल्या लेकीचं केलेलं ते कौतुक आहे. घरगुती फिल्म म्हणजे तरी दुसरं काय असतं?

हे आपल्याला आज दिसतं याचं मोठं श्रेय पी. के. नायर यांना. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे रुजू झाले. फाळक्यांच्या मुलांकडे उरलेले फिल्मचे तुकडे त्यांनी मिळवले, जुळवले, त्यांच्या नव्या प्रती काढल्या. आपल्या देशात मूकपट तयार झाले तेराशेच्या आसपास, आणि हाती राहिले तीसेक, तेही बरेचसे अपुरे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भसकन पेटणारी. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात आग लागली आणि जपून ठेवलेल्यातलीही कित्येक रिळं जळाली. म्हणजे 'जपून ठेवलं आहे' असं म्हटल्यानं जपणूक होत नाही. असो.

आता घराघरात फिल्म कशी आली ते पाहू. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची, महाग आणि धोक्याची. १९२२ च्या शेवटी फ्रान्सच्या पाथे कंपनीनं साडेनऊ मिलिमीटरची, आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या कोडॅकनं १६ मिलिमीटरची फिल्म हौशी लोकांसाठी काढली. ती सहज न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटवर केलेली असे, म्हणून तिला 'सेफ्टी फिल्म' म्हणत. १९३२ मध्ये कोडॅकनंच आणखी स्वस्त अशी ८ मिलिमीटरची काढली. आणि १९६५ मध्ये आली 'सुपर ८'. तिचं रीळ प्लॅस्टिकच्या डबीत भरलेलंच मिळायचं. डबी कॅमेऱ्यात खुपसली की झालं, अंधारात फिल्म ओवायची भानगड नाही. डबीत पन्नास फूट फिल्म, दर फुटाला ७२ चौकटी, म्हणजे एकूण ३,६००. सेकंदाला १८ चौकटी या वेगानं ती चालायची ३ मिनिटं २० सेकंद. आणि एकेक चौकट केवढी? तुरीच्या दाण्याएवढी! त्या तुरीच्या दाण्यात अख्खा मांडव, वरात, पंगत.

आपल्याकडे खेड्यात मात्र कॅमेरा ही वस्तू कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आम्ही सिनेमा पाहायचो तो जत्रेतल्या तंबूत, नाहीतर सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी आली तर चावडीसमोर. ती माणसं १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर लावत आणि फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं दाखवत. पडद्यावर धरणं, कारखाने, दिल्लीचं संचलन. केनवडचा माणूस त्यात कधी नसायचा. पडद्यावरची माणसं वेगळी आणि पडद्यापुढे मातीत बसलेली वेगळी, अशी ती वाटणीच होती.

ही वाटणी आमच्या गावात मोडली ती १९७५ च्या उन्हाळ्यात. माझा थोरला चुलतभाऊ इंजिनिअर होऊन १९६८ मध्ये अमेरिकेला गेला होता. १९६५ मध्ये तिथला कायदा बदलला आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले, त्या पहिल्या लाटेतला तो. धाकट्या बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा त्याच्या हातात सुपर ८ कॅमेरा आणि पिशवीत पाच डब्या. पाच डब्या म्हणजे एकूण १६ मिनिटं ४० सेकंद. त्यात त्याला चार दिवसांचं लग्न, गाव, शेत सगळं बसवायचं होतं. त्यामुळे तो बटण असं दाबायचा, जसं कंजूष माणूस पैसे मोजून देतो. चार सेकंद, पाच सेकंद, की बंद. त्या रिळांना आवाज नाही, ती मुकीच. डब्या परत अमेरिकेला गेल्या, तिथे धुतल्या गेल्या आणि १९७९ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा प्रोजेक्टरसह इकडे आल्या. वाड्यात पांढरं धोतर ताणून खेळ केला. अमेरिकेतली वीज ११० व्होल्टची, आपली २३० ची, म्हणून मध्ये एक वजनदार ट्रान्सफॉर्मर. सगळा गाव लोटला होता. पुढे प्रोजेक्टरचा दिवा गेला, तसला दिवा काही मिळाला नाही, आणि रिळांचा डबा माळ्यावर गेला.

माळ्यावर म्हणजे कुठे, तर पत्र्याखाली. वाशीम जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यावर चार महिने पावसाळ्याची ओल. असे चाळीसेक उन्हाळे-पावसाळे त्या डब्यानं काढले. २०२१ मध्ये भाच्यानं तो उघडला तर आतून आंबूस, नाकात झोंबणारा वास. शिरक्याचा!

हा वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्मचा रोग. जगभर त्याला व्हिनेगरच्याच नावानं ओळखतात. उष्णता आणि दमट हवा यांनी फिल्मचा पाया असलेलं अ‍ॅसिटेट फुटतं आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, जे शिरक्यात असतं तेच. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे आम्लच पुढची नासाडी आणखी जोरात करतं. बंद डब्यात एका रिळाला लागलं की शेजारच्यालाही लागतं, आढीतल्या सडक्या आंब्यासारखं. फिल्म आकसते, वळते, कडक होते, भोकं यंत्राच्या दातांशी जुळेनाशी होतात. आणि मंडळी, या रोगाची पहिली तक्रार कुठून गेली माहीत आहे? आपल्याच देशातून! कोडॅकनं ही ट्रायअसिटेटची फिल्म १९४८ मध्ये आणली आणि १९५४ मध्ये भारत सरकारनं कळवलं, की इथल्या गरम दमट हवेत ठेवलेली फिल्म खराब होते आहे. थंड देशात बसून 'सेफ्टी' म्हटलेली वस्तू आपल्या उन्हाळ्यात सहा वर्षंही धड टिकली नाही. वस्तू कुठे टिकेल हे ती बनते तिथे नाही, वापरली जाते तिथे ठरतं. हे आपल्या शेतीच्या अवजारांबद्दलही खरं आहे, पण तो विषय वेगळा.

आमच्या पाचांपैकी दोन रिळांना वास होता. रंग मात्र ताजे, कारण ती कोडॅकची कोडॅक्रोम फिल्म. अंधारात ठेवली तर तिचे रंग फार टिकतात. म्हणजे रंग शाबूत आणि अंग वाकडं, अशी अवस्था. भाच्यानं आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात चौकशी केली. त्यांनी चांगल्या रिळांपैकी एक घेतलं, प्रोजेक्टरवर चढवून भिंतीवर पाडलं आणि समोर व्हिडिओ कॅमेरा ठेवून चित्रण करून दिलं. पाहिलं तर चित्र सारखं लुकलुकतंय, कडा कापलेल्या, मधोमध दिव्याचा पांढरा डाग. लुकलुकण्याचं कारण साधं हिशेबाचं आहे: फिल्म चालते सेकंदाला १८ चौकटींनी, व्हिडिओ टिपतो २५ नं. दोघांचा ताल जमत नाही, म्हणून मधूनमधून पडदा काळवंडतो. शिवाय वळलेलं रीळ प्रोजेक्टरच्या दातांत अडकलं की फाटलंच म्हणून समजा. उरलेली चार त्यानं तिथे दिली नाहीत, हे त्याचं शहाणपण.

योग्य पद्धत वेगळी. आधी फिल्म हातानं तपासायची, जुने जोड नव्यानं चिकटवायचे, धूळ आणि बुरशी साफ करायची. मग ती अशा यंत्रावर चढवायची, जिथे दात नाहीत. नुसत्या गुळगुळीत रुळांवरून ती सावकाश सरकते आणि प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो निघतो. एका रिळाचे ३,६००, पाचांचे १८,०००. मग ते फोटो सेकंदाला १८ च्या हिशेबानं ओळीनं लावायचे. आमची चार रिळं पूर्ण आली. पाचव्याचा शेवटचा तुकडा एकमेकाला असा चिकटला होता, की उलगडता आला नाही. तेवढी वरात गेली.

आता खरी गोष्ट सांगतो. तिसऱ्या रिळात लग्न नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट चालू आहे. तेव्हा इंजिनं आली होती, पण आमच्याकडे एक मोट अजून होती, आणि भावाला वाटलं की अमेरिकेतल्या मित्रांना हे दाखवावं. सालदार बैलजोडी हाकतो आहे, मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडतं. अठरा सेकंद. अठरा गुणिले अठरा, ३२४ चौकटी. हे चित्र घरच्यांना दाखवलं तेव्हा बैलांची नावं लगेच आठवली, ढवळ्या आणि मोऱ्या. सालदाराचं नाव आठवायला दोन दिवस लागले, आणि आठवलं तेही हाक मारायचं, अर्धं. ज्यानं चौदा पाडवे आमच्याकडे साल धरलं, त्याचं पूर्ण नाव घरात कुणाला सांगता येईना!

त्याच्या नातवाचं रिसोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला बोलावलं. त्यांच्या घरी आज्याचा एकही फोटो नव्हता. कुठून असणार? त्यानं ते अठरा सेकंद पाच-सहा वेळा पाहिले. मग म्हणाला, "गुरुजी, हा आजा डाव्या हातानं आसूड धरते की! आमाले कोनी सांगतलंच नव्हतं." तो स्वतः डावखुरा आहे. लहानपणी शाळेत त्यासाठी त्यानं मार खाल्लेला. आज्याचं पूर्ण नाव त्यानं सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. इथे लिहीत नाही, कारण नाव जगापुढे मांडायचं की नाही हे त्याच्या घरच्यांनी ठरवायचं.

तेव्हापासून मला जुन्या फिल्मांकडे पाहायची एक वेगळी खोड लागली आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात भारतात राहिलेल्या इंग्रज कुटुंबांच्या घरगुती फिल्मांचा मोठा संग्रह आहे. त्यांनी तो डिजिटल करून सगळ्यांना पाहता येईल असा ठेवला आहे, मोठं काम आहे. त्या पाहताना साहेबाच्या घरच्यांची नावं कळतात. पण मुलाला कडेवर घेतलेली आया, ट्रे घेऊन येणारा बेअरर, माळी, शिकारीचे हाकारे, ही सगळी माणसं बहुतेक नुसत्या कामानं ओळखायची. कॅमेरा ज्याच्या हातात, त्याच्या घरच्यांना नाव मिळतं. बाकीचे चौकटीत चुकून येतात. वऱ्हाडातल्या आमच्या वाड्यानं तरी निराळं काय केलं होतं? डब्यावर भावाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'केनवड – मोट'.

चुकून नव्हे, तर ठरवून अशा माणसांचं चित्रण करणाराही एक होऊन गेला. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. लाखो माणसं रस्त्यावर होती. हे चित्रित झालंच पाहिजे असं नामदेव व्हटकर या लेखक-दिग्दर्शकाला वाटलं. पैसा जवळ नव्हता. आपला छापखाना गहाण टाकून त्यांनी तो उभा केला, असं सांगतात. ते चित्रण आज आपण पाहतो. त्यात बाबासाहेबांचं अंत्यदर्शन आहे, आणि त्यांच्यामागे चाललेली ती अफाट गर्दीही आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, पण त्या घरांतल्या त्या पिढीचं हलतं चित्र जर कुठे असेल तर ते असल्याच गर्दीत. एका माणसानं पदरचं घातलं म्हणून ते उरलं.

म्हणून म्हणतो, फाईल झाली की काम संपत नाही. आपल्याच भागातली दोन उदाहरणं सांगतो. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या आठवणी गोळा करायचं मनावर घेतलं. ज्यानं जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्याकडे जायचं, विचारायचं, लिहायचं, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं. त्यातून 'लीळाचरित्र' झालं. मूळ प्रत पुढे धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा पंथाच्या लोकांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. आज त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात ते त्यामुळेच. म्हाइंभट पंचवीस वर्षं उशिरा निघाले असते तर विचारायला माणूस उरला असता का?

दुसरं आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा लाडचं. तिथल्या जैन मंदिरांत हस्तलिखितांची मोठी भांडारं आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा जगाला त्यांचा पत्ता लागला. दहाव्या शतकात पुष्पदंत कवीनं राष्ट्रकूटांच्या मान्यखेटला रचलेली अपभ्रंश काव्यं पुढे कारंज्याहून छापून आली. डॉ. प. ल. वैद्यांचं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये, अमरावतीच्या कॉलेजातल्या डॉ. हिरालाल जैनांचं 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये. हजार वर्षांचं काव्य कसं पोहोचलं? कागद काही हजार वर्षं टिकला नाही. प्रत जीर्ण झाली की कोणीतरी नवी उतरवून काढली, म्हणून पोहोचलं. आणि उतरवणारा शेवटी पुष्पिका लिहायचा. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणी, कोणासाठी ही नक्कल केली. पुष्कळदा संशोधकाला ग्रंथाइतकीच ती पुष्पिका मोलाची वाटते.

फिल्मची फाईल ही अशीच एक नक्कल आहे, आणि ती शेवटची खासच नाही. आठवा, व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये आली. नव्वदच्या आसपास आपल्याकडे लग्नाची कॅसेट नसेल तर लग्न झाल्यासारखं वाटत नसे! २०१६ च्या जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर करणारी जगातली ती शेवटची कंपनी. कॅसेटी मात्र कपाटात तशाच आहेत, बुरशी धरत. १९७५ ची फिल्म निदान उजेडात धरली तर माणूस दिसतो. कॅसेट उजेडात धरून काय दिसणार, काळी फीत! आणि हार्ड डिस्क धरून? तेवढंही नाही. म्हणून ज्यांच्या घरी कॅसेटी आहेत त्यांनी आधी त्या उतरवून घ्या.

आमच्या फायलींची व्यवस्था अशी केली आहे. मोठ्या, मूळ फायली तीन ठिकाणी: एक डिस्क केनवडला, एक पुण्याला भाच्याकडे, एक अमेरिकेत पुतणीकडे. दर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायच्या, हे काम भाच्यानं पत्करलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला मिळेल ती लहान केलेली नक्कल. ती पाहायला ठीक, पण राखायला नाही. हवी त्यानं मूळ मागून घ्यावी. आणि फाईल झाली म्हणून रिळं फेकायची नाहीत. त्यांना हवेशीर, कोरड्या, थंड खोलीत ठेवलं आहे, वासाची दोन बाजूला. उद्या याहून चांगलं यंत्र आलं तर पुन्हा कामाला येतील.

राहिली पुष्पिका. भाऊ २०११ मध्ये तिकडेच गेला. काय, का, कोणाचं चित्रण केलं हे सांगणारा तोच होता. मग मी थोरल्या चुलतबहिणीकडे, आक्काकडे बसलो. वय शहाऐंशी, पण नजर साफ. पहिल्या बैठकीत पहिलं रीळ, दुसऱ्या बैठकीत दुसरं. चित्र थांबवायचं, बोट ठेवायचं, ती सांगायची, मी लिहायचं. नाव, गाव, कोणाची कोण, लुगडं कुठलं, कोण कोणावर रुसलं होतं! एकतीस माणसं तिनं लावून दिली. तिसरं रीळ दिवाळीनंतर पाहू असं ठरलं. गेल्या पावसाळ्यात आक्का गेली.

तेव्हा फायलींबरोबर वहीची नक्कलही पाठवतो आहे. तिच्यात तिसऱ्या रिळापासून पुढचे बरेच रकाने रिकामे आहेत. उदाहरणार्थ: रीळ ३, १ मिनिट ४० सेकंद, टोपलं डोक्यावर घेऊन डावीकडून उजवीकडे जाणारी बाई, हिरवं लुगडं, कॅमेऱ्याकडे पाहून थांबते आणि हसते. रीळ ४, ५० सेकंद, मांडवाच्या खांबापाशी तीन मुली, मधलीच्या हातात कापडी बाहुली. रीळ ४, २ मिनिटं १० सेकंद, पंगतीत वाढणारे दोघे, एकाच्या खांद्यावर उपरणं. ज्यांच्या घरी आई, आत्या, मावशी, मामंजी कोणी सत्तरीपुढचं आहे, त्यांनी त्यांना शेजारी बसवून दाखवा आणि सांगतील ते जसंच्या तसं लिहा. 'नक्की नाही' म्हणाले तर तेही लिहा. आणि सांगितलं कोणी, कोणत्या तारखेला, हे खाली लिहायला विसरू नका. त्या हिरव्या लुगड्याच्या बाईला गावातल्या चार घरी मी दाखवून झालंय, अजून कोणी ओळखलेलं नाही. माहेरची असेल कोणी, पाहुणी असेल, नाहीतर कामाला आलेली असेल. पुढच्या आठवड्यात शिरपूरला जातो आहे, मांडवाला आलेल्यांतल्या दोघी तिथे दिल्या आहेत म्हणतात.